आत्यांचा अर्धा व्हिडिओ

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात माझा हात किती होता, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी आई म्हणायची, ही पोरगी आधी बोलते, मग रडते आणि सगळ्यात शेवटी विचार करते. खोटं नाही ते.

वाशीला एका दवाखान्यात मी रिसेप्शनला आहे. त्या दिवशी दुपारी पेशंट कमी होते म्हणून सोसायटीचा ग्रुप उघडला. एरवी त्या ग्रुपवर काय असतं? पाणी किती वाजता जाणार, कोणाची गाडी कोणाच्या जागेवर लागलीय, आणि सकाळी सकाळी गुलाबाची फुलं. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी एक व्हिडिओ टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बघवत नाही हो. ह्या आपल्या सी विंगमधल्या आजी ना?’

मी व्हिडिओ चालू केला आणि माझ्या सासूबाई दिसल्या.

मागे रडकं संगीत. धान्य बाजारातली गल्ली, आणि आत्या खाली वाकून तांदळाचे दाणे झाडूने गोळा करतायत. नऊवारीवर पुरुषाचा शर्ट, डोक्याला फडकं. व्हिडिओवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘पोटासाठी मातीतले दाणे वेचणारी माउली.’ मग एक पोरगा येतो, वीस-बावीसचा, खिशातून पाचशेची नोट काढतो आणि पुढे करतो. आत्या हात लांब करतात. तिथेच व्हिडिओ संपतो. संपताना पोरग्याचा आवाज, ‘मित्रांनो, हिची मुलं कुठे असतील?’

खाली लोकांनी उत्तरं दिलेली होतीच. मुलाला फटके द्या. सून जेवायला घालत नसेल. आजकालच्या सुना असल्याच. एकाने तर लिहिलं होतं, ही सून नक्की सोफ्यावर बसून मोबाईल बघत असेल. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाईल बघत होते, एवढाच काय तो फरक.

आता आत्या म्हणजे कोण ते सांगते. माझ्या नवऱ्याची आई. त्यांच्या साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सासरे माथाडी होते, पाठीवर गोणी वाहायचे. ते गेले तेव्हा माझा नवरा दहावीला होता. त्यानंतर आत्या बाजारात कामाला लागल्या, त्याला आता वीसेक वर्षं झाली. कोपरखैरण्याचा आमचा फ्लॅट, नवऱ्याचा डिप्लोमा, तुर्भ्याच्या कारखान्यातली त्याची नोकरी, ह्या सगळ्याच्या मुळाशी तो झाडू आहे.

आणि ते काम म्हणजे भीक नव्हे बरं का. ट्रक येतो, माथाडी गोण्या उतरवून गाळ्यात थप्पी लावतात. गोणीला आकडा लागतो, शिवण उसवते, दाणा सांडतो. तो झाडायचा, चाळायचा, सुपात घेऊन पाखडायचा, खडा-माती बाजूला काढायची आणि चांगला माल परत गोणीत भरून द्यायचा. हे बायकांचं काम. बाजारात ह्या बायकांना पालावाल म्हणतात. त्यांची नोंद असते, गळ्यात बिल्ला असतो, पगार असतो. सगळ्यात शेवटी तळाला जो मिसळलेला दाणा उरतो, तो मात्र पहिल्यापासूनच्या रिवाजाने त्या बायकांचा. थोडी ज्वारी, थोडे हरभरे, गहू, तांदूळ, कधी मूग. आत्या तो घरी आणून तीन पाण्यांनी धुणार, गच्चीवर वाळवणार, मंद आचेवर भाजणार आणि त्याची भाजणी दळून आणणार. त्या भाजणीची थालीपिठं चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी इतकी वर्षं मिटक्या मारत खाल्ली आहेत. व्हिडिओनंतर लिफ्टमध्ये भेटल्या तर हळूच विचारतात, ‘ती भाजणी... तिकडचीच का हो?’ मी म्हटलं, ‘हो, तिकडचीच. पचली ना?’

असं फाडकन बोलायला मला जमतं. पण एक गोष्ट मला इतकी वर्षं जमली नव्हती, आणि तीच ह्या प्रकरणात मला जास्त टोचत होती.

लग्नानंतर कोणी विचारलं की सासूबाई काय करतात, तर मी म्हणायचे, ‘धान्य मार्केटमध्ये आहेत. क्वालिटीचं बघतात.’ माझे वडील ऑफिसात क्लार्क होते. माझ्या मैत्रिणींच्या सासवा एक तर घरी असायच्या, नाही तर शाळेत शिक्षिका. झाडू हा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी एकदाही त्या बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे त्या पोरग्याने आत्यांची अब्रू काढली म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली खरी, पण त्यातली थोडी आग माझं खोटं उघडं पडल्याची होती. हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

नवरा म्हणाला, ‘सोड गं. दोन दिवसांत लोकं विसरतील. टेन्शन घेऊ नको.’ आमच्याकडे मी उकळते आणि तो झाकण ठेवतो. आत्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला, फोन परत दिला आणि भांडी घासायला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरलाच नाही. ‘गुडघं दुखत्यात,’ म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही गुडघे, चौथ्या दिवशीही. वीस वर्षांत तापातसुद्धा रजा न घेतलेली बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागली. त्यांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं, आणि ‘शेवटच्या दिवसापातुर जाणार, माज्या पायानं निघणार,’ हे त्या येता-जाता सांगायच्या. आता ते बोलणंच बंद झालं.

रविवारी नवरा ओव्हरटाइमला गेला होता. मी गहू घेऊन चक्कीवर गेले. परत येते तर दारात अनोळखी बुटांचे तीन जोड.

आत हॉलमध्ये तीन पोरं. त्यातला एक तोच, नोटवाला. एका कोपऱ्यात तिकाटण्यावर मोठा दिवा पेटवलेला. आमचा सोफा ओढून भिंतीला उभा केलेला, टीव्हीवर माझीच पलंगाची चादर टाकलेली. समोरच्या भिंतीशी जमिनीवर आत्या बसलेल्या, घरच्या चांगल्या लुगड्यावर तो बाजारातला शर्ट घालून. शेजारी तांदूळ, डाळ, तेलाच्या पिशव्यांची रास, त्यावर त्यांच्या चॅनेलचं नाव छापलेलं. आणि तिन्ही पोरांच्या हातात आमच्या घरातले चहाचे कप. आत्यांचं असंच. दारात आलेल्याला पाणी आणि चहा दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गावाकडे घराची पायरी चढलेल्या माणसाला तसंच घालवलं तर घराला बोल लागतो म्हणे.

एक जण म्हणत होता, ‘आजी, थोडं इकडे सरका. फ्रिज दिसतोय.’ दुसरा स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघत होता. मला बघून म्हणतो कसा, ‘ताई, एखादा रिकामा डबा मिळेल का?’

आता सांगा, कोणाचं डोकं जागेवर राहील?

माझ्या कडेवर पिठाची पिशवी होती, ती तिथेच खाली टाकली. म्हटलं, ‘कोणाच्या घरात शिरलायत? कोणाला विचारून? चादर काढा आधी ती!’ तिकाटणं धरून मी दिवा दाराबाहेर ढकलला. पोरं घाईघाईने सामान उचलायला लागली. तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझी गाडी एकदा सुटली की ब्रेक नसतो. मी वळले आणि आत्यांवरच ओरडले, ‘तुम्हाला कितीदा सांगितलं, कोणालाही आत घेऊ नका म्हणून! अक्कल गहाण टाकलीय का? सगळ्या जगाला तमाशा दाखवायचाय?’

आत्या जमिनीवरून उठायचा प्रयत्न करत होत्या. एक हात भिंतीला होता.

त्याच संध्याकाळी दुसरा व्हिडिओ आला. वर लिहिलं होतं, ‘हीच ती सून.’ पोरं, दिवा, चादर, सोफा, काही काही नव्हतं त्यात. होते ते मी, कमरेवर हात, आणि भिंतीला धरून उठणारी म्हातारी. ‘अक्कल गहाण टाकलीय का?’ हे वाक्य तीनदा परत परत लावलं होतं. आगीतून उठून फुफाट्यात पडले मी, आणि तेही माझ्याच पायांनी चालत.

पुढचा आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. दवाखान्यात एक बाई काउंटरवर नाव सांगता सांगता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. ‘तुम्ही त्याच ना?’ डॉक्टर भले आहेत, पण तेही म्हणाले, थोडे दिवस आतल्या खोलीत फायलींचं काम करा. गावावरून चुलत दिराचा फोन, ‘वहिनी, तुम्हाला जड होत असेल तर काकीला इकडं पाठवा. आम्ही काय मेलो नाय.’ सोसायटीच्या चेअरमनने दारात उभं राहून समजावलं की बाहेरच्या लोकांमुळे आपल्या सोसायटीचं नाव खराब होतंय. बाहेरच्यांना गेटवरून आत कोणी सोडलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

ह्या सगळ्याचं मला काही वाटलं नाही असं नाही, पण खरं लागलं ते नवऱ्याचं बोलणं. मी म्हटलं, ‘तो व्हिडिओ खोटा आहे हे तुला तरी माहितीये ना?’ तो म्हणाला, ‘सगळा खोटा आहे. पण तू आईची अक्कल काढलीस, ते खोटं नाही.’ एवढंच बोलला. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले तरी असते.

पुढच्या रविवारी दुपारी आत्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि एक जुडी ओढून घेतली. म्हटलं, ‘आत्या, माझं चुकलं. त्या पोरांचा राग तुमच्यावर काढला.’

‘आगं, जाऊ दे,’ त्या म्हणाल्या.

‘आणखी एक आहे. मी लोकांना तुमचं काम नीट सांगत नाही. क्वालिटीचं बघतात म्हणते. लाज वाटायची मला.’ हे बोलताना मी रडायला लागले. रडणं मला आवडत नाही, माझं नाक लाल होतं आणि दिवसभर तसंच राहतं.

आत्या देठ मोडत होत्या. म्हणाल्या, ‘मला ठावं हाय. चवथ्या माळ्यावरच्या बाईनं मागंच इचारलं व्हतं, क्वालिटीचं म्हंजी काय काम करता म्हून.’

मी जुडी खाली ठेवली. ‘मग तुम्ही काय सांगितलं?’

‘म्हनलं, बाई, तांदळात खडा ऱ्हायला तर तुजा दात पडंल. त्यो न्हाय पडला, ही आमची क्वालिटी.’ मग म्हणाल्या, ‘वाईट वाटलं व्हतं. न्हाय कशाला म्हनू? पन तुज्या बी मागं तुजं जग हाय. मी काय बोलले न्हाय.’

मी विचारलं, ‘आणि आता कामाला का जात नाही? गुडघ्यांचं मला सांगू नका.’

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. ‘पोरी, ते काम वाकून करायचं. व्हिडू आल्यावर एक दिस गेले व्हते, तू दवाखान्यात गेल्यावर. तुला सांगितलं न्हाय. खाली वाकले की वाटायचं, मागं कुनीतरी फोन धरून उभा हाय. चार डाव वळून बगितलं. कुनी नव्हतं. पन वाकाया धीरच हुईना. वाकल्याबिगर दाना कसा गोळा व्हायचा? निम्म्यातनं घरी आले.’ आणि मग म्हणाल्या, ‘एक वरीस ऱ्हायलं व्हतं गं. आता बाकीच्या बायांसारखं निरोपाचा हार घालून न्हाय, अशीच घरी बसनार मी. तोंड लपवून.’

बस्स. मी उठले. नवऱ्याला म्हटलं, उद्या रजा टाक, आपण पोलिसांकडे जातोय. तो झाकण ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, ‘मीही तेच सांगणार होतो.’

पोलीस चौकीत आम्हाला एक अधिकारी बाई भेटल्या. समोर फायलींचा ढीग, थंड झालेला चहा. मी दोन्ही व्हिडिओ दाखवले आणि धडाधडा बोलत सुटले, परवानगी नाही, घरात घुसले, बदनामी, कापाकापी, सगळं. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि आत्यांकडे वळल्या. ‘आजी, तुम्ही सांगा. बाजारात त्या दिवशी काय झालं?’

आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न आत्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. ग्रुपवर सगळे बोलले, नातेवाईक बोलले, मी तर बोलायचं बाकी काही ठेवलं नाही. आम्ही सगळे व्हिडिओबद्दल बोलत होतो. जिचा व्हिडिओ, तिला काय झालं ते विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आत्या म्हणाल्या, ‘बाई, त्यो पोरगा दान्यावर उभा व्हता.’

‘म्हणजे?’

‘मी तांदूळ गोळा करून ढीग केला व्हता. ह्यो आला, बुटानं त्येच्यावर उभा ऱ्हायला. अन्नावर पाय! मी हात पुढं केला त्यो त्येचा पाय हलवाया. नोटंला हात लावला न्हाय मी. म्हनलं, पाय उचल बाबा. आन् ती नोट खिशात ठेव, मी कामाला हाय.’

अधिकारी बाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. संपता संपता थांबवला, बोटांनी मोठा केला. आणि खरंच, आत्यांचा हात नोटेकडे जातच नव्हता. तो खाली जात होता, पोरग्याच्या पांढऱ्या बुटाकडे. इतक्या लोकांनी तो बघितला, मी स्वतः पन्नास वेळा बघितला असेल. दिसलं कोणाला? आम्हाला म्हातारी आणि नोट दिसली, की पुढचं आम्ही मनातच जोडलं.

पोरग्याला फोन गेला. तासाभरात तो आला, एकटाच. चॅनेलवर मोठा धीट वाटायचा, चौकीत शर्टाची बटणं चाचपत उभा होता. म्हणाला, ‘मॅडम, चांगल्या हेतूनं केलं. आजींना मदत मिळावी म्हणून.’

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याच बोलल्या. ‘हेतू तुजा रं. पन त्वांड माजं.’

नवऱ्याने मान खाली घातली होती. मी बघितलं, त्याचे डोळे भरले होते.

आत्या पुढे म्हणाल्या, ‘त्या दिवशी घरी आलास, मी दार उघडलं. का, ठावं हाय? मला वाटलं, पोरगं माफी मागाया आलंय. म्हून च्या टाकला. तू मला भुईवर बस म्हनलास. वाटलं, वयानं ल्हान हाय, ह्येला काय कळतंय. मग तुज्या दोस्तानं माजं डबं उघडलं.’

तो पोरगा म्हणाला, ‘सॉरी आजी. दोन्ही व्हिडिओ आत्ताच्या आत्ता डिलीट करतो.’

अधिकारी बाई आमच्याकडे बघून म्हणाल्या, ‘ठीक आहे ना? लिहून घेते, समज देते. पुन्हा केलं तर गुन्हा.’ मी मान डोलावली, नवऱ्याने डोलावली. पण आत्या डोलावेनात.

‘घरातला पूस,’ त्या म्हणाल्या. ‘आजच्या आज पूस. माजं घर हाय त्ये, माजी सून हाय ती, तिचं आन् माजं काय व्हईल ते आमचं. पन बाजारातला पुसू नगं.’

आम्ही चमकलो. नवरा म्हणाला, ‘आई, अगं—’

‘पुसलास तर लोकं म्हनतील, खरं व्हतं म्हून पुसलं. तू पुढचं बी काडलं असशील की. माजा आवाज, पाय उचल म्हनलेला. हाय का?’

पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला, ‘आहे. फोनमध्ये आहे पूर्ण.’

‘मग ते दाव. समदं दाव. बाजारात मी चार लोकांपुढं काम करते, ते बगा की किती बी. तिथं मला लाज न्हाय. लाज तू निम्मं कापलंस त्येची हाय.’

मी त्या बाईकडे बघत राहिले. माझी सासू. मी तिचा झाडू चौदा वर्षं लपवला, आणि ती पोलीस चौकीत उभी राहून सांगत होती, दाखवा, सगळं दाखवा. मला इतका अभिमान वाटला आणि इतकी लाज वाटली, दोन्ही एकदम.

अधिकारी बाईंनी कागद पुढे ओढला. नाव, वय लिहिलं. ‘व्यवसाय?’ असं त्यांनी नवऱ्याकडे बघत विचारलं, पण उत्तर मी दिलं. ‘धान्य बाजारात पालावाल कामगार. सांडलेलं धान्य झाडून, चाळून, निवडून परत भरतात. वीस वर्षं.’ सांगताना माझा आवाज जरा जास्तच मोठा होता. बाहेरच्या हवालदाराने आत डोकावून बघितलं.

पोरग्याने शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. घरातला व्हिडिओ तिथेच समोर पुसला. बाजारातला पूर्ण त्याच रात्री टाकला, सोबत दोन ओळींची माफी. त्यात स्पष्ट दिसतं. आत्या त्याचा बूट हाताने सरकवतात, तो दचकून मागे होतो, आणि त्या म्हणतात, ‘नोट खिशात ठेव, मी कामाला हाय. तू बी कायतरी कामाला लाग.’ मागे एक माथाडी गोणी पाठीवर घेऊन हसतोय. हा व्हिडिओ पहिल्याइतका पसरला नाही. पसरणार नव्हताच, खऱ्याच्या मागे रडकं संगीत नसतं. पण ज्यांच्यापर्यंत पोचायला हवा होता, त्यांच्यापर्यंत पोचला. चुलत दिराचा फोन आला, मला ‘वहिनी’ म्हणून उगाच इकडचं तिकडचं बोलला. डॉक्टरांनी मला परत काउंटरवर बसवलं. घरातला व्हिडिओ मात्र अजूनही कुठे कुठे कोणाच्या फोनमध्ये फिरत असतो. तो माझा भोग, मी भोगते. ती अक्कल मीच काढली होती.

पुढच्या सोमवारी सकाळी आत्यांनी डबा भरला. शर्ट घडी करून पिशवीत ठेवला, बिल्ला गळ्यात घातला. चपला घालताना मात्र दारात जरा घोटाळल्या. मी दवाखान्यात फोन करून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि म्हटलं, ‘आत्या, मी येते आज तुमच्याबरोबर.’

‘तू? कशापायी?’

‘बघायला. क्वालिटी.’

आत्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

बाजारात पहिल्यांदा पाय ठेवला मी. पोत्यांचा, धुळीचा, मिरचीचा वास एकदम नाकात गेला, मला सटासट शिंका आल्या. हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या, ‘ए बाजू! बाजू!’, ट्रक मागे घेणाऱ्यांची ओरड. आत्या त्या सगळ्यातून घरच्या ओसरीवरून चालावं तशा चालल्या होत्या, मीच ठेचकाळत होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा बायका सुपं घेऊन बसलेल्या. आत्यांना बघून सगळ्या उठल्या. कोणी हात धरला, कोणी शिव्या घातल्या, इतके दिवस कुठं मेली व्हतीस म्हणून.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी दुसरा व्हिडिओ बघितला होता, तोंडांवर लिहिलेलंच होतं. एक म्हातारी शेजारणीला हळू म्हणाली, पण मला ऐकू गेलं, ‘हीच न्हवं का, वरडनारी?’

मला वाटलं, उलट्या पावली निघावं. त्या म्हणत होत्या ते खरंच होतं.

आत्यांनीही ते ऐकलं. त्यांनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं, पिशवीतून शर्ट काढून अंगात घालता घालता म्हणाल्या, ‘व्हय, तीच. माजी सून. वरडती लई. पन चौकीत माज्यासाठी तीच हुबी ऱ्हायली. हिला बसाया पोतं द्या कुनीतरी.’

एकीने पोतं अंथरलं. मी बसले. आत्यांनी डोक्याला फडकं बांधलं, झाडू घेतला आणि सांडलेल्या दाण्यांपाशी गेल्या. क्षणभर उभ्या राहिल्या. मग वाकल्या आणि झाडायला लागल्या. मी बघत होते, त्यांनी एकदाही वळून मागे पाहिलं नाही.